ते अवघड वाक्य मीच लिहिल्तं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. भावाला न्हाई, ऑफिसात न्हाई, देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा न्हाई — त्याला माहीतच असंल म्हणून गप राह्यले, असं समजा. आता तुम्हाला सांगून राह्यले. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत न्हाईत म्हणून. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत न्हाई. आणि साध्या बोलीत सांगते. अवघड भाषेत बोललं की सांगितल्यासारखंही होतं आणि लपवल्यासारखंही, हे मला चांगलं माहीत आहे. मी तेच केल्तं.

नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत मी नोकरीला आहे. कंपनीचं नाव राहू द्या, त्यांनी माझं काही वाईट केलं न्हाई. माझं काम शेतकऱ्यांचे फोन घ्यायचं. फोनवर मी सुनंदाताई. आमची कंपनी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून मिरचीचं, टमाट्याचं बियाणं तयार करून घेते. त्याला आमच्याकडं प्लॉट घेणं म्हणतात. शेडनेटच्या आत बाया बसतात आणि एकेका फुलाचं क्रॉसिंग हातानं करतात. नराच्या फुलातले पराग मादीच्या फुलाला लावायचे, आणि खूण म्हणून देठाला धागा बांधायचा. वेळ चुकली की फूल वाया. मंग काय, उजाडल्यापासून फोन! ताई, पानं वाकडी होऊन राह्यली. ताई, आभाळ आलंय, आज क्रॉसिंग करावं का न्हाई?

आमच्या भागात फोन केला की कुणी एकदम कामावर येत न्हाई. आधी जेवण झालं का, मंग लेकरं कशी आहेत, मंग हवापाणी, आणि सगळ्यात शेवटी मिरचीवरचा रोग. पुण्याहून आलेले आमचे साहेब पहिल्यांदा माझ्या शेजारी बसून फोन ऐकत होते, तेव्हा वैतागले. "ताई, ह्या बाईला विचारायचंय तरी काय?" म्हणले. मी म्हणलं, थांबा जरा, अजून सुनेवर आली न्हाई.

ती बाई म्हणजे कौसामावशी. राजूरच्या पुढं, भोकरदनच्या अंगाला तिचं गाव. नवरा वारलेला, पोरगा-सून शहरात कारखान्याच्या खोलीत, आणि ही गावात एकटी. मिरचीचा प्लॉट घ्यायची, चार बाया लावून. आम्ही एकमेकींना कधी पाह्यलेलं न्हाई, पण रोज बोलायचो. तिचा प्रश्न एक मिनिटाचा आणि बोलणं चहा थंड होईस्तोवर. मला ती आवडायची. पण खरं सांगू? मी तिला तोडायचे. मागं फोन तिष्ठत असायचे. "मावशी, जल्दी सांगा, लाईनीत लोक आहेत," असं मी किती वेळा म्हणलं असंल! ती हसायची. "हाव बाई, तुला कामं असत्यात," म्हणायची आणि ठेवायची. मला ते तेव्हा टोचत नव्हतं.

मंग फोनवर आपण होऊन उत्तरं देणारी मशीन आली. साहेब म्हणले, ताई, तुमचा आवाज लोकांना ओळखीचा आहे, तोच मशीनला देऊ. मी हुरळून गेल्ते, कशाला खोटं बोलू? गोदामावरच्या खोलीत खिडकीला गाद्या लावल्या, पंखा बंद केला, आणि घामाघूम होऊन मी पानंच्या पानं वाचली. मंग एक दिवस मशीन माझ्या आवाजात बोलली. "राम राम मावशी, जेवण झालं का?" ऑफिसातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बोलायची रीत तिला मीच शिकवली. कामाचं आधी विचारायचं न्हाई. वयानं मोठी बाई असंल तर मावशी म्हणायचं. फोन आपण होऊन तोडायचा न्हाई. आणि कुणी घरी बोलावलं तर न्हाई म्हणायचं न्हाई — "येते की, नक्की येते" म्हणायचं. आपल्याकडं असंच असतं ना? बोलावणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणणाऱ्यालाही माहीत असतं. कुणी खरंच येत न्हाई आणि कुणाला राग येत न्हाई. नुसतं तोंडावर न्हाई म्हणणं वाईट. हे मी साहेबांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितल्तं, आणि त्यांनीही ते मशीनला शिकवायला लावलं.

आवाज दिला, ही माझी चूक न्हाई. तो मी खुशीनं दिला. रीत शिकवली तीही न्हाई. इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बिचारीचा आवाज कंपनीनं घेतला. तसं समजू नका, बिलकुल समजू नका. मी तसं समजू देते लोकांना, कधीकधी. ते सोपं जातं.

ऐका पुढं. मशीन सुरू व्हायच्या आधी साहेबांनी मला बोलावलं. म्हणले, वरून सांगितलंय की फोन करणाऱ्याला सुरुवातीलाच कळलं पाहिजे, समोर माणूस न्हाई, मशीन आहे. लपवाछपवी नको. आणि त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात — "ताई, तुम्ही गावच्या आहात. असं वाक्य लिहा की शाळेत न गेलेल्या बाईलाही समजलं पाहिजे." बघा, त्या माणसानं सरळ हेच मागितल्तं. असं वाक्य मला येत नव्हतं का? जिभेवरच होतं. 'मी माणूस न्हाई, मशीन बोलून राह्यले.' झालं. एवढंच.

मी काय लिहिलं ते सांगते. "सदर दूरध्वनी सेवेतील प्रतिसाद कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीद्वारे निर्मित असून ग्राहकांनी याची नोंद घ्यावी."

आमच्या गावाकडं कृत्रिम म्हणलं की जनावरांचा डॉक्टर आणि गाभण न राहणारी गाय आठवते. बाकी त्या वाक्यातलं कुणाला काय कळणार होतं? साहेबांनी वाचलं, जरा घुटमळले. मी म्हणलं, साहेब, कंपनीचं वाक्य आहे, वजनदार पाह्यजे, उद्या कुणी विचारलं तर? ते म्हणले, हो, तेही आहे. वाचतानाही मी ते भराभरा वाचलं, गाडीवरचा भोंगा पुकारतो तसं. म्हणजे सांगितलं तर होतं. रोज, प्रत्येक फोनला, माझ्याच आवाजात. कुणी बोट ठेवू शकलं नसतं.

का केलं असं? किती दिवस मी मनाला सांगितलं की कंपनीच्या रुबाबासाठी. मंग सांगितलं की मशीन म्हणलं तर शेतकरी फोनच करणार न्हाईत, त्यांचंच नुकसान. दोन्ही खोटं. खरं असं आहे की मला वाटलं — कौसामावशीला कळू नये. आपली ताई बदलली, हे तिला कळू नये. तिनं फोन करत राहावं, मला ताई म्हणत राहावं. समोर मी नसले तरी.

माझ्या घरात कुणी न्हाई. लग्न झालं होतं, टिकलं न्हाई. त्याची गोष्ट इथं नको. आई-बाप गेले. भाऊ पुण्याला, दिवाळीला फोन करतो. स्टेशनाकडच्या दोन खोल्यांत मी राहते. एका माणसाची डाळ शिजवायची म्हणजे काय असतं, ते ज्यानं शिजवली त्यालाच कळंल. मशीन आली, आणि माझं बोलणं बंद झालं. आता माझं काम रेकॉर्डिंग ऐकायचं — मशीन कुठं चुकली, कुठं बराबर बोलली. त्यातली वाटेल ती ऐकायची मोकळीक होती. मी मावशीची हुडकून ऐकायचे. पुढं पुढं घरी आणून ऐकायला लागले. ताट वाढून घ्यायचे, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायचे आणि तिचं बोलणं लावायचे. ती म्हणायची, "जेवली का गं ताई?" मशीन म्हणायची, "जेवले मावशी." आणि मी इथं घास तोंडात घालायचे.

हसू नका. किंवा हसा, मला काय.

एक गोष्ट मला लवकर दिसली. मावशी मशीनशी जास्त बोलायची. माझ्यापेक्षा जास्त! मशीनला घाई नव्हती, मागं लाईन नव्हती. मला तिनं कधी न सांगितलेलं ती मशीनला सांगायला लागली. एकदा म्हणली, "मालक गेल्यापासून मला कौसा म्हणणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. समदे मावशी, आजी, काकू. माझं नाव मलाच परकं वाटाया लागलं." मंग म्हणली, "तू म्हण की एकदा." आणि मशीन म्हणली, "कौसा." माझ्या आवाजात, इतकं मऊ! मी जन्मात कुणाला इतकं मऊ बोलले नसंल. मावशी रडली. मीही रडले, पण माझं रडणं निराळं होतं. मला हेवा वाटला. कुणाचा? माझ्याच आवाजाचा.

तेव्हा तरी मी तिला फोन लावायला पाह्यजे होता. 'मावशी, ही मी न्हाई' म्हणायला पाह्यजे होतं. पण मंग तिला हेही कळलं असतं की तिची चांगली ताई, धीरानं ऐकणारी ताई, ती मी कधीच नव्हते. मी ती जल्दी-जल्दी करणारी. माझ्या नावावर जी माया जमून राह्यली होती, ती मला सोडवेना.

मंग एका रेकॉर्डिंगमध्ये मावशी म्हणली, "ताई, येत्या चतुर्थीला राजूरला ये की गणपतीला. मी येणार हाय. इतकी वर्षं बोलतो, तोंड पाह्यलं न्हाई तुझं." आणि मशीन म्हणली, "येते की मावशी, नक्की येते." माणूस असता तर मावशीला कळलं असतं, हे नुसतं म्हणायचं म्हणून. पण मशीननं पुढं विचारलं, "कुठं भेटायचं?" काम नीट करायची तिला सवयच तशी. मावशी एकदम आनंदली. "पायऱ्यांपाशी बसते. हिरवं लुगडं नेसते, पितळी डबा आसंल हातात. तुला उपास आसंल, म्हणून शेंगदाण्याचे लाडू आणते. तुला आवडत्यात ना?" ते मीच कधीतरी बोलून गेल्ते. मी, खरी मी, पूर्वी. तिनं ते ध्यानात ठेवल्तं.

हे मी चतुर्थीच्या बऱ्याच आधी ऐकलं. फोन करून 'येणं होत न्हाई मावशी' म्हणायला काय लागतं? मी केला न्हाई. रोज ठरवायचे, रोज राहायचं. आणि चतुर्थीला सकाळी मी न्हाले, चांगली साडी नेसले आणि राजूरच्या गाडीत बसले. काय करायचं ठरवल्तं मी? भेटून मीच ती म्हणायचं, की सगळं खरं सांगायचं? तुम्हाला शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं.

राजूरची चतुर्थीची गर्दी तुम्हाला माहीत असंल तर माहीत असंल. त्या गर्दीतही ती मला लगेच दिसली. पायऱ्यांच्या कडेला, हिरवं लुगडं, मांडीवर डबा. वाटलं त्याहून बारीक होती. येणाऱ्या प्रत्येक एकट्या बाईच्या तोंडाकडं पाहत होती, आणि बाई पुढं गेली की परत रस्त्याकडं. मी समोरच्या पेढ्याच्या दुकानापाशी उभी होते. माझ्याही तोंडाकडं तिनं पाह्यलं. जरा रोखूनच पाह्यलं. मी मान वळवली.

दुकानदार म्हणला, काय देऊ ताई? मी तोंड उघडणार, आणि मला उमगलं — मी एक शब्द बोलले की ती ओळखणार. तोंड तिनं कधी पाह्यलं न्हाई, पण आवाज तर तिच्या घरातलाच आहे. मी बोटानं पेढा दाखवला. किती? दोन बोटं दाखवली. त्या भल्या माणसाला वाटलं मी मुकी आहे. तोही खुणांनीच बोलायला लागला, सुट्टे पैसे माझ्या हातावर ठेवून वरून आशीर्वादासारखा हात केला. आणि मी मुकीच राह्यले.

मंग मावशीनं पिशवीतून फोन काढला आणि लावला. मी पाहत होते. आधी ती नुसती कानाला लावून थांबली. तेव्हा माझं ते सदर-दूरध्वनी वाक्य चालू असणार. मंग तिचं तोंड उजळलं. "ताई, कुठं ऱ्हायली गं? मी बसले हाय पायऱ्यांपाशी." तिकडून माझा आवाज काहीतरी म्हणला. ती मान हलवत होती, हसत होती. "ये, ये, सावकाश ये. मी हाय." फोन ठेवला, डबा परत मांडीवर घेतला आणि नीट सरसावून बसली.

मशीन काय म्हणली ते मी नंतर ऐकलं. "येते की मावशी, तुम्ही काळजी करू नका."

मी तिथून गेले. गाडी मिळाली तशी बसले. ती किती वेळ बसली, मला माहीत न्हाई. विचारणार कुणाला? पेढे मी गाडीतच विसरले.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला. रागावली न्हाई. "काम निघालं आसंल तुला," म्हणली. "लाडू मी दिले वाटून." मशीन म्हणली, माफ करा मावशी, पुढच्या वेळी नक्की. मी हे ऐकलं आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, बोलणं बराबर आहे.

पुढं वरून कुणीतरी कंपनीचे फोन तपासले असतील. साहेब परत आले. म्हणले, ताई, आपलं वाक्य लोकांना कळत न्हाई, बदला. चांगलं घ्या, मोकळं. ह्यात माझी काही बहादुरी न्हाई. मला सांगितलं म्हणून मी बदललं. "राम राम. मी माणूस न्हाई. मी कंपनीची मशीन बोलून राह्यले. बोला, काय अडचण आहे?" लिहायला चहाचे चार घोट लागले. साहेब म्हणले, अरे वा, हे पहिल्याच वेळी का न्हाई लिहिलं? मी हसले.

मावशीचा पुढचा फोन मी त्याच दिवशी शोधून ऐकला. ते वाक्य झालं. मागं शेडनेटमधल्या बायांचं बोलणं येत होतं, कुणीतरी धागा मागत होतं. मशीननं परत विचारलं, बोला मावशी, काय अडचण आहे?

मावशी म्हणली, "मंग राजूरला येते म्हणून कोण म्हणलं व्हतं?"

मशीन म्हणली, "माफ करा, मला समजलं न्हाई. परत सांगता का?"

तिनं परत सांगितलं न्हाई. फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आलेला न्हाई. प्लॉट ती अजून घेते, आमच्याच कंपनीचा. फिरतीवरचा आमचा माणूस तिच्याकडं जातो. काही विचारायचं असलं तर त्यालाच विचारते. एकदा तो चहा पिताना सहज म्हणला, "ती राजूरकडची कौसामावशी लई मायाळू बाई. फक्त ताईचा फोन लावून देऊ का म्हणलं की उठून आत जाती." तो असं म्हणला तेव्हा मी समोरच बसल्ते. बिस्कीट चहात बुडवत होते.

तिनं विचारलेलं मशीनला समजलं न्हाई. मला समजलं होतं. उत्तरही मला एकटीलाच माहीत होतं — येते म्हणली ती मशीन, मावशी. पण आल्ते मी. तुझ्यासमोर उभी होते, पेढ्याच्या दुकानापाशी. तू माझ्याकडं पाह्यलंही. तू ओळखशील म्हणून मी तोंड उघडलं न्हाई.

तिचा नंबर मला पाठ आहे. मी तो अजून लावलेला न्हाई.